पेरणीआधीचं गाऱ्हाणं

भागोजीने नारळ आपल्या मुलाच्या हातात ठेवला आणि तो मागे सरला.

"आज गाऱ्हानं तू घाल," तो म्हणाला.

देवळापुढे जमलेली सगळी वाडी गुणाजीकडे पाहू लागली. पेरणीआधी गावाच्या वतीने देवाकडे मागायचं, हा मान भागोजीच्या घराचा. त्याने एकेक मागायचं आणि गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा गावाने 'व्हय' म्हटलं की कुणी माघार घ्यायची नाही. आणि मागणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी काही मागायचं नाही, ही तर सगळ्यांत जुनी रीत.

गुणाजी मनात चरफडला. बापाचा डाव त्याच्या लक्षात आला होता. नारळ हाती आला की मान आला, आणि मान आला की वाडी सुटत नाही. नुकताच मॅट्रिकचा निकाल लागला होता. पास होणारा वाडीतला तो पहिलाच. कोल्हापूरच्या कॉलेजात जायचं, बी. ए. व्हायचं, मग वकील, हे त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. हेडमास्तरांनी तिथे राहायची सोयही लावून दिली होती. पण बापाचं एकच पालुपद. "तू ग्येल्यावर देवापुढं गावाचं कोन बोलनार?"

बोलण्यात शाळेत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. काय दिवस होते ते! सकाळी तरीच्या होडीतून भाट्याची खाडी ओलांडायची, पलीकडे दोस्त वाट पाहत उभे. वक्तृत्वाचं बक्षीस दरवर्षी त्याचंच. हुतूतूच्या संघाचा तो कप्तान. सामना हरला की पोरांना मांडवीच्या वाळूत बसवून तो असं काही बोलायचा, की रडवेली पोरं पुन्हा कंबर कसायची. ते सगळं आता संपलं होतं.

आता तेच तोंड कामाला लावायचं. रीत गेली खड्ड्यात! शेवटी हळूच आपलं मागणं घालायचं. गावाने 'व्हय' म्हटलं की बापाची बोलती बंद.

"बा म्हाराजा, धोंडूच्या गुरांवर तुझी नजर ठेव!" गुणाजीचा आवाज खणखणीत लागला.

"व्हय म्हाराजा!"

"चिमाचा न्हवरा बोटीवर खलाशी हाय, तो सुखरूप घरला येऊंदे!"

"व्हय म्हाराजा!"

चिमाने डोळे घट्ट मिटून हात जोडले होते. म्हातारा धोंडू थरथरत उभा होता. लहानपणी याच धोंडूने त्याला खांद्यावर बसवून तरीपर्यंत पोचवलं होतं. सगळे किती विश्वासाने 'व्हय' म्हणत होते! गुणाजीचं मागणं ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. या माणसांना फसवणं त्याच्याच्याने होईना.

"समद्या गावाचं भलं कर," एवढं म्हणून त्याने नारळ देवापुढे ठेवला. कॉलेज गेलं. त्याचे डोळे भरून आले.

भागोजी पुढे झाला. त्याने तो नारळ पुन्हा उचलला.

"म्हाराजा, हितं उभं ऱ्हाऊन मी माज्या घरासाठी कदी काय मागलं न्हाय. आज रीत मोडतो. माजा पोर कसा बोलतो त्ये जायच्या आधी येकदा ऐकायचं व्हतं. ऐकलं. त्याला कोल्हापूरला जाऊंदे. आनि मी आडवा ग्येलो, तर माजे पाय बांदून ठेव!"

मग धोंडू पुटपुटला, आणि त्याच्यामागून सारी वाडी गरजली, "व्हय म्हाराजा!"

भागोजी मुलाकडे वळला.

"तू बी म्हन की रं," तो म्हणाला.

गुणाजीला काही केल्या ते दोन शब्द म्हणता येईनात.