टोपीवरचं शिंग

मानसिंग सुभेदारांनी गुंडाची फौजी टोपी दोन्ही हातांत घेतली आणि तिच्यावरच्या पितळी बिल्ल्याकडं बराच वेळ बघत राहिले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांची पाठ आपोआप ताठ झाली होती. चुलीपुढं बसलेल्या गुंडाच्या आईनं, बनाबाईनं, मात्र मान वर केली नाही.

कडेगावजवळच्या सुभेदारांच्या ऊस तुटलेल्या रानात खतासाठी तिची मेंढरं बसली होती. ट्रेनिंग संपवून आलेला गुंडा सुट्टीभर आईजवळ तळावरच राहिला होता आणि आज दुपारच्या एसटीनं पलटणीत हजर व्हायला निघणार होता. घरात न विचारता भरती झाला म्हणून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ताट पुढं सरकवायची, तेवढंच. ती बोलल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता, आणि बाई अशी हट्टी की समजूत घालायला देव आला असता तर त्यालाही आधी लेंड्या गोळा करायला लावल्या असत्या.

“आवं सुभेदार, टोपीवर शिंग कशापायी? जत्रंत वाजवायचंय व्हय?” तिनं लेकाला वगळून विचारलं.

सुभेदारांनी गुंडाकडं बोट केलं. ज्याच्या डोक्यावर आहे त्यानंच सांगावं.

गुंडानं ट्रेनिंगमधल्या उस्तादांनी शिकवलेलं सगळं सांगितलं. जुन्या काळी पलटणी ढोलाच्या तालावर एका रांगेत चालायच्या. पण हलक्या पायाची काही माणसं पुढं काढून डोंगरात, ओढ्याओघळीत पांगवलेली असायची. तिथं ना हाक पोचायची, ना ढोल. मग शिंग फुंकायचे. पांगा, थांबा, बसा, सगळे हुकूम शिंगावर. आता कानाला वायरलेस आला, तरी अशा पलटणींनी शिंग टोपीवर ठेवलं आहे.

बनाबाईचा भाकरीवरचा हात थांबला. माळावर पांगलेलं मेंढरांचं खांड हाकेवर वळवण्यात तिचा जन्म गेला होता. एक मेंढरू मागं राहिलं तरी त्यांचा तळ हलत नसे. सरकारच्या टोपीवर आपलंच काम बसलेलं बघून ती थक्क झाली. पिठाचा हात पदराला पुसून तिनं बिल्ल्याला बोट लावलं आणि पहिल्यांदा लेकाकडं बघितलं.

“मागारी बोलवायलाबी वाजवायचे?”

“व्हय, आये.”

“आन् एखादा आलाच न्हाई तर?”

“तर बाकीचे त्याला आणाय जात्यात. जित्ता असू दे न्हाईतर मेलेला. ठिवून येत न्हाईत.”

सुभेदार खाली बसले. टोपी अजून त्यांच्याच हातात होती.

“लढाईत मी पडलो तवा मला आणाय तिघं आलते, बनाबाई,” ते म्हणाले. “मागारी दोघंच गेले.”

तव्यावरची भाकरी करपली.

“त्या तिसऱ्याची आई?” बनाबाईनं विचारलं.

“तासगावात असती. हाय अजून.”

ती उठली. देवाच्या पिशवीतला भंडारा तिनं आधी बिल्ल्याला लावला, मग गुंडाच्या कपाळाला. चार भाकरी दोन फडक्यांत वेगवेगळ्या बांधल्या आणि दोन्ही गाठोडी त्याच्या हातात दिली.

“वाटंत तासगावला उतर,” ती म्हणाली. “आदी तिच्या पाया पड, मग फुडं जा.”