न गळणारा डबा

आमचे हे पस्तीस वर्षं वीज खात्यात साहेब होते. निवृत्त झाल्यावर माझ्या कुंड्या सरकवून त्यांनी बागेत खेळण्यातली रेल्वे टाकली. तिचा ट्रान्सफॉर्मर भिजू नये म्हणून प्लास्टिकचा मोठा डबा आणला, झाकणातून वायर आत घेतली आणि दोन दिवस खपून बाकीची फट न् फट सिलिकॉनने बुजवली.

"तळाला एक भोक पाडा," मी म्हटलं. "वायरीवरून पाणी ओघळलं तर जाणार कुठे? कुंडीला नसतं का भोक?"

"ही वीज आहे, शेवंती नाही," शेजाऱ्यांकडे बघून ते हसले. "हिचं डोकं कुंडीपलीकडे जात नाही."

पाऊस आठवडाभर पडला आणि गाडी बंद पडली. ह्यांनी प्लग काढून झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरला होता, ट्रान्सफॉर्मर तळाला.

"पण डबा बघ," हे म्हणाले, "एक थेंब गळत नाही."

"तेच बघतेय," मी म्हटलं.



दुसऱ्या दिवशी मी त्यात कमळ लावलं.