चिंधी बांधलेलं इंजिन

"ताई, जुन्या ट्रकला हेच शोभेल," मोठ्या इंजिनावर थाप मारत मेकॅनिक म्हणाला. "थोडं महाग आहे, पण गाडी नुसती उडेल!"

"उडायलाच नकोय मला. ते कोपऱ्यातलं टेम्पोचं द्या, सगळ्यात स्वस्त."

"अहो, चढावर धापा टाकेल ट्रक."

"टाकू दे. चालवणार आमचे अण्णा. पंच्याहत्तरी गाठलीय, पण स्टिअरिंग हातात आलं की वाऱ्याशी शर्यत. बापाला 'हळू चालवा' म्हणायची घरात कुणाची टाप नाही. म्हटलं, इंजिनच त्यांना आवरेल. मी ठरवूनच आलेय, तुम्ही उगाच डोकं खाऊ नका."

मेकॅनिक गालातल्या गालात हसला. "पण ते मिळणार नाही. वर लाल चिंधी बांधलीय ना? म्हणजे गिऱ्हाइकाने आधीच राखून ठेवलंय."

"कोण हे गिऱ्हाईक? मी बोलते त्याच्याशी."

"घरी जाऊन बोला. सकाळी तुमचे अण्णाच बांधून गेलेत. म्हणाले, ट्रक शेवटी माझी पोरगीच चालवणार, तीही सुसाट. तिला 'हळू चालव' म्हणायची माझी टाप नाही."