भिंतीवरची पहिली पहार

भिंतीवर पहिली पहार राहीनंच घातली.

वर्षापूर्वी त्याच भिंतीचे दगड तिनं डोक्यावरून वाहिले होते. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवतात, त्यातून नारू होतो, म्हणून लोकल बोर्डानं पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालायचा हुकूम काढला. वर रहाट बसवून दिला. दोर आणि बादली ज्याची त्यानं आणायची. लढाईच्या दिवसांत दोर महागलेला. अख्ख्या पाड्यात तो एका गुणाबाईकडं. दोन हंडे पाण्यासाठी राही रोज दुपारपर्यंत उखळात तिचं भात सडायची. मजुरी बुडाली, चूल एकवेळची झाली. तरी तिनं सोसलं. नवऱ्याच्या पायातून काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढलेला नारूचा दोऱ्यासारखा किडा तिनं पाहिला होता. पोरीला तेवढं नको.

आणि आज सकाळी सात वर्षांच्या जनीच्या घोट्यावर फोड उठला. आग आग म्हणून पोर लोळत होती.

"वरीसभर दुसऱ्याचं भात सडलंस, नं काय मिलालं गो?" शेजारची धोंडीबाई दारातून म्हणाली. "नारूच ना?"

राहीनं पहार उचलली. मागोमाग सगळा पाडा निघाला.

ऊन डोक्यावर येईतो पायऱ्या मोकळ्या झाल्या. बाया हंडे घेऊन धावतच खाली उतरल्या. फुकट पाणी. गुणाबाई खांद्यावर दोर टाकून नुसती बघत राहिली.

तेवढ्यात बोर्डाचे डॉक्टर सायकलवरून आले. पडलेले दगड पाहून तिथंच थबकले.

"कुणी फोडली?"

"मी. काय उपेग तुमच्या भिंतीचा? पोरीला आज फोड आलाच ना!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"अहो बाई, नारू अंगात वर्षभर वाढतो, मग बाहेर निघतो. हा भिंतीच्या आधी प्यालेल्या पाण्यातला. यंदाचे फोड शेवटचे होते. आता एवढंच करा, फोडाचा पाय पाण्यात पडू देऊ नका. पुढचा नारू तिथूनच पाण्यात उतरतो. पोर कुठाय?"

राही वळली.

खालच्या पायरीवर, तिनंच मघाशी नेऊन बसवलं होतं तिथं, जनी पोटरीपर्यंत पाय पाण्यात सोडून बसली होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिचं रडणं थांबलं होतं.

"आये, आता आग नाय होत गो!"

तिच्या शेजारी वाकून धोंडीबाई हंडा भरत होती.