तिसरा बझर

"चावी मी फिरवणार. आणि सगळ्यांच्या समोर फिरवणार," हिरामण नाखवा म्हणाला. "तिसरा बझर हाय हा. तिसरा! आता तोंड लपवायला जागा न्हाय तुला, करमअली."

करमअली मिस्त्री इंजिनावरच्या फळीवर बसून हात पुसत होता. सकाळपासून त्याने पॅनेलमागची एकेक वायर तपासली होती, ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलला होता, बॅटरीची टोकं घासून चकचकीत केली होती.

"लोकांसमोर कशाला, नाखवा?" तो नेहमीसारखा सावकाश, खर्जात म्हणाला. "आपण दोघंच बघू. बझर राहू दे, त्याच्या शेजारी मोठा दिवा बसवतो. लाल. सुकाणू धरलं की थेट डोळ्यांसमोर येईल असा."

"दिवा! भर उन्हात दिवा बघू का जाळी बघू? बझर वाजत न्हाय तर वाजत न्हाय म्हण!"

हिरामणचा हा संताप आजचा नव्हता. मार्चपासून तो धुमसत होता. मार्चमध्ये खोल समुद्रात, इंजिनाला थंड ठेवणारं पाणी जिथून आत येतं त्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली. इंजिन तापत गेलं. अशा वेळी पॅनेलवरच्या बझरने बोंब मारायची असते, तेवढ्याचसाठी तर तो असतो. खलाशी पार पुढे जाळं ओढत होते. हिरामण सुकाणूवर, बझरपासून दोन हातांवर उभा. त्याला कळलं ते धूर नाकात गेल्यावर. इंजिन जाम झालं आणि सात माणसं सात तास लाटांवर हेलकावत पडली. शेवटी दुसऱ्या बोटीने ओढून आणलं.

मिस्त्रीने सात जणांचा जीव घेतला असता, हे हिरामणने धक्क्यावरच्या एकूण एक माणसाला सांगितलं. नाखवाचाच शब्द तो, लोकांनी मानला. पावसाळ्याच्या बंदीत बोटी किनाऱ्याला लागल्या, इंजिनं उघडली, पण ती कामं उरणच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा करमअलीचा पावसाळा रिकामा गेला. तो मात्र उलटून एक शब्द बोलला नाही. बझर बदलायला बोलावलं की निमूट यायचा, आणि त्याचं हे गप्प राहणंच हिरामणला जास्त झोंबायचं.

तसं हिरामणचं ठाम मत होतं की हल्ली सगळा मालच भिकार येतो. घरातल्या कुकरची शिटी त्याने दोनदा बदलली होती, तरी मेली वाजत नाही. नातीचं, प्रणालीचं बोलणं तोंडातल्या तोंडात. जुनं तेवढं खरं. बत्तीस वर्षं या फळीवर बसून त्याने बोट हाकली होती. सायलेन्सर नसलेल्या इंजिनाची धडधड पायाला लागली की कुठे काय बिनसलंय ते तो सांगायचा.

उद्या बंदी उठणार होती. येसूबाई, त्याची बायको, पूजेचा नारळ घेऊन बोटीवर आली, तेव्हा हिरामण धक्क्याकडे तोंड करून ओरडत होता.

"निकेश! हरेश्वर! या रे सगळे! तुमचा जीव कोनी धोक्यात घातला ते बघा!"

खलाशी आले. शेजारच्या बोटीवरचे चार जणही जाळी विणायची सोडून आले.

"ऐका," हिरामण म्हणाला. "ज्याच्या चुकीने सात माणसं मरायला टेकली, त्याने परत या धक्क्यावरच्या बोटीला हात लावायचा न्हाय. मान्य?"

"मान्य," दोघं-तिघं पुटपुटले.

"मिस्त्री म्हणतो बझर चांगला हाय. ठीक. हा बझर वाजला, तर चूक माझी. उद्यापासून मी सुकाणू सोडीन. नारळाची शपथ!"

"नाखवा, असली भाषा करू नका," करमअली चटकन उठला. त्याचा चेहरा उतरला होता. "खुदा के वास्ते."

"घाबरला!" हिरामण हसला आणि त्याने चावी फिरवली.

इंजिन बंद होतं, ऑइलला प्रेशर नव्हतं, म्हणजे बझरने बोंब मारायलाच हवी. पॅनेलवर लाल दिवा लागला. फळीखाली झोपलेलं मांजर उडी मारून धक्क्यावर पळालं.

हिरामणने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मनात दहापर्यंत मोजले.

"बघितलात?" तो गरजला. "दिवा लागला. आन् बझर? मेलेला! हा असला माल बसवतो ह्यो!"

येसूबाईने नारळ खाली ठेवला आणि दोन्ही कानांवर पदर दाबून धरला. नवऱ्याचा हा आरडाओरडा तिला कधीच सोसायचा नाही. निकेश पुढे झाला. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात करमअलीने त्याचा दंड घट्ट धरला.

"बोलू दे त्याला!" हिरामण म्हणाला.

निकेशने मिस्त्रीकडे पाहिलं, मग खाली. "काय न्हाय, नाखवा," तो मोठ्याने म्हणाला.

"चूक माझी," करमअलीही मोठ्याने म्हणाला. "बझर खराब आहे. मान्य. आजपासून या धक्क्यावर मी हत्यार उचलणार नाही."

इतक्या महिन्यांनी हिरामणच्या छातीवरचं ओझं उतरलं. जमलेल्यांपैकी एकही जण त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. मिस्त्रीची बाजू घेणाऱ्यांना आता लाज वाटत असणार, त्याला वाटलं. चावी तशीच पॅनेलला ठेवून तो ताठ मानेने बोटीवरून उतरला आणि चहाच्या टपरीकडे निघाला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तो टपरीपाशी पोचेपर्यंत बोटीवर कोणी हललं नाही. मग येसूबाईने डोळे पुसायला कानावरचा एक हात काढला, आणि लगेच परत दाबला.

"करमभाई," ती ओरडून म्हणाली, "आता तरी बंद करा तो. कानठळ्या बसल्या माझ्या."