झेंड्याखालचा तिसरा जवान

"आता बघ, माय," सारिका म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

सिनेमा संपत आला होता. इतका वेळ भिंतीला टेकून डुलक्या घेणारी ताईबाई आपणहून जागी झाली, खाटेवरून उतरली आणि टीव्हीपुढे जमिनीवर येऊन बसली. पदराने तिने डोळे पुसून घेतले.

सिनेमा प्रेमराजवर होता. प्रेमराज, घरचा पेमा, हा सारिकाचा थोरला भाऊ, ताईबाईचा एकुलता एक मुलगा. कारगिलच्या लढाईत गेला तेव्हा त्याचं लग्नही ठरलेलं नव्हतं. धरणगावला पेटी आली ती बंद आली आणि तशीच चितेवर चढली. सोबत आलेल्या साहेबांनी चुलत्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उघडू नका. ताईबाई दोन्ही हातांनी ती पेटी चाचपत राहिली होती, डोकं कुठल्या बाजूला असेल ते शोधत.

इतक्या वर्षांनी मुंबईच्या लोकांनी त्याच्यावर सिनेमा काढला. जळगावला पहिल्या खेळाला ताईबाईला शाल दिली, नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. सारिका शेजारीच होती. ती धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. तिला सुरुवातीपासून चुकाच दिसत गेल्या. जवानांच्या अंगावर आजच्या फौजेचे कपडे होते. बंदुका त्या काळी नसलेल्या. गोळी डाव्या खांद्याला लागली आणि पुढच्याच दृश्यात पट्टी उजव्या खांद्याला. प्रेमराजच्या गावाला मागे हिरवे डोंगर आणि खळाळती नदी. कपाशीचं एक झाड नाही. हेही तिने सोसलं असतं. पण सिनेमातली आई पेटीपुढे ताठ उभी राहून म्हणाली, "एक गेला, आता दुसराही पाठवीन." थिएटरात टाळ्या पडल्या. दुसरा कुठला आणि कधी? त्या दिवशी माय काहीच बोलली नव्हती. पुढे वर्षभर बोलली नव्हती.

सारिकाने घरी येऊन मोबाइलपुढे बसून, लोकांनी टाकलेले सिनेमाचे तुकडे दाखवत सगळ्या चुका एकेक करून सांगितल्या आणि तो व्हिडिओ टाकून दिला. लाखो लोकांनी तो पाहिला. पण लोकांनी उचलून धरली ती तिने शेवटी सांगितलेली चूक. मध्यंतरानंतर प्रेमराज मरतो, त्याची चिता जळते. आणि शेवटी जवान शिखरावर झेंडा रोवतात तेव्हा झेंड्याखाली डावीकडून तिसरा तोच उभा. ते दृश्य आधी कधीतरी काढलेलं असणार, मेलेल्या माणसाला बाजूला करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. लोक खदाखदा हसले. भूत आलं म्हणाले. सारिकाला त्या हसण्याचं वाईट वाटलं, पण कुणीतरी ऐकतंय याचं बरंही वाटलं. अखेर दिग्दर्शकाचा फोन आला. त्याने माफी मागितली. टीव्हीवर येईल त्यात दुरुस्ती करू, असा शब्द दिला.

आज तो शब्द पाळलेला दिसणार होता. तशी तिची अर्धी निराशा आधीच झाली होती. कपडे तसेच होते, बंदुका तशाच, पट्टी उजव्याच खांद्याला. दुसरा मुलगा पाठवणारी आईही तशीच ताठ उभी होती. चित्रातून एक माणूस पुसणं तेवढं सोपं असावं.

शिखर आलं. झेंडा फडकला. डावीकडून दोन जवान, मग रिकामी जागा, तिच्यातून दिसणारं आभाळ, मग पुढचा जवान.

"बघितलंस?" सारिका म्हणाली. "काढला त्यांनी."

ताईबाई पडद्याजवळ सरकली. दृश्य गेलं, नावं सुरू झाली, तरी ती बघत राहिली.

"पेमा कोठे शे?" तिने विचारलं.

"तो तिथे कसा असेल, माय? तो आधीच गेला होता ना. ती चूक होती. मीच काढायला लावली."

"चूक व्हती ते माले बी माहीत शे." ताईबाईचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी जळगावले जाईसन देखं त्याले. परत परत. बाकी पिच्चरमा तो कोनी परका पोऱ्या. तठे मात्र पेमाच. टोपी हातमा, दमीसन, आते घर येई असा उभा व्हता. पिच्चर थेटरमातून गया, मंग मी टीव्हीवर येवानी वाट देखी."

सारिकाने एवढ्यांदा थांबवून, मागेपुढे करून ते दृश्य पाहिलं, आणि त्या माणसाचा चेहरा कसा होता तेच तिला आता आठवेना. तिला दिसली होती ती फक्त चूक. मोबाइलमध्ये जुना तुकडा असेल म्हणून ती शोधू लागली. तिच्या व्हिडिओत तो तुकडा होता, पण त्या चेहऱ्यावर तिने स्वतः लाल फुली मारलेली होती.

ती बाहेर येऊन ओट्यावर बसली. थोड्या वेळाने ताईबाई मागून आली आणि तिच्याशेजारी टेकली. रागावलेली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली,

"त्या लोके तुनं ऐकतस ना? मंग सांग त्यास्ले. ती चूक परत करा म्हन."