विहिरीची भिंत

बहात्तरच्या दुष्काळात अक्कलकोटकडच्या एका गावाने विहिरीभोवती भिंत बांधली. ओढ्यापलीकडे म्हैसूर राज्य, म्हणजे आजचं कर्नाटक, आणि तिकडची माणसं पाणी नेत होती. गावच्या रेशनकार्डावर नाव असेल त्यालाच पाणी, हा नियम सरपंच चन्नप्पाचा. फाटकावर बसलाही तोच.

पहिल्याच दिवशी ओढा ओलांडून एक बाई आली. कडेवर मलूल पोर, डोक्यावर रिकामी घागर. रांगेतलं सगळं गाव बघायला लागलं.

"कार्ड दाव," मान वर न करता चन्नप्पा म्हणाला.

"हितल्या कार्डात माझं नाव न्हाय."

"मग पाणी न्हाय."

तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवली. मग पोर दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "लगीन झाल्यावर तुमच्या कार्डातनं माझं नाव तुमीच कमी केलं की, अप्पा."